घोडं पेंड खातं ते मधल्या टप्प्यावर

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत परकीय भाषा शिकण्याविषयी अधूनमधून लेख येतात. मी ते आवर्जून वाचतो. भाषा कोणती निवडावी, सुरुवात कोणत्या वयात करावी, पुढे नोकरीच्या संधी कुठे आहेत, ही माहिती त्यांत नीट दिलेली असते. मात्र हे सगळे लेख नवशिक्यासाठी असतात. ज्याने दोन-तीन वर्षं घासली आहेत, खालच्या परीक्षा चांगल्या गुणांनी काढल्या आहेत आणि आता काही केल्या पुढे सरकत नाही, अशा माणसाच्या वाट्याला शेवटच्या परिच्छेदातलं एखादं वाक्य येतं. ‘मध्यंतरी उत्साह ओसरू शकतो, पण चिकाटी सोडू नका.’ झालं! माझी हरकत या वाक्याला आहे आणि ती सविस्तर मांडायची असल्याने पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच झाली तर शक्यतो मधल्या भागाला लावू नये, सांगायचं आहे ते तिथेच आहे.

मी व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होतो. हा हुद्दा आता बहुतेकांना सांगून कळत नाही. बोटीचं किनाऱ्याशी आणि दुसऱ्या बोटींशी बोलणं मोर्स या ठिपके-रेघांच्या सांकेतिक लिपीत करून देणारा माणूस, एवढं पुरे. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रह आणि स्वयंचलित रेडिओवर चालणारी नवी संकटसूचना यंत्रणा जगभरच्या जहाजांवर पूर्णपणे लागू झाली आणि आमची गरज संपली. पुढची नोकरी किनाऱ्यावर, कागदांत गेली. निवृत्तीनंतर जर्मन शिकायला घेतली. कारण काही उदात्त वगैरे नाही. उत्तर समुद्रात असलो की नॉर्डडाइश रेडिओ या जर्मन किनारी केंद्राशी देवाणघेवाण व्हायची, पण ती इंग्रजीत आणि क्यू-कोडच्या तीन-तीन अक्षरांत. पलीकडचा माणूस हेडफोन काढून ठेवल्यावर शेजारच्याशी काय बोलत असेल, हे कुतूहल तेव्हापासूनचं. ते केंद्र १९९८ अखेर बंद झालं. कुतूहल काही बंद झालं नाही.

बी-वन, म्हणजे ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांतली तिसरी, या परीक्षेपर्यंत सगळं झकास चाललं. गोएथे संस्थेची बी-वनची शब्दयादी साधारण २४०० शब्दांची आहे, ती मी घोकून काढली. दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवं हाती लागायचं. भूतकाळ आला, मग गौण वाक्यं आली, मग कर्मणी प्रयोग. संध्याकाळी वही मिटताना आज आपल्याला कालच्यापेक्षा जास्त येतं हे नक्की माहीत असायचं. मग पुढच्या पातळीचं, बी-टूचं, पुस्तक उघडलं आणि गाडं रुतलं.

रुतलं म्हणजे काय झालं ते नेमकं सांगतो, कारण ‘प्लॅटो आलाय’, म्हणजे पठार लागलंय, असं सगळे म्हणतात, त्यात काय काय येतं ते कुणी सांगत नाही. शिक्षिका माझ्याशी बोलल्या की सगळं कळायचं. त्याच शिक्षिका दुसऱ्या जर्मन माणसाशी बोलायला लागल्या की मला अधलेमधले चार शब्द सोडून काही उमगायचं नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीचं पहिलं वाक्य समजायचं, दुसरं अंदाजाने, तिसऱ्यापाशी शब्दकोश उघडायचा. बोलताना त्याच त्या बेतशीर वाक्यांची फिरवाफिरव. जे वाक्य चुकेल असं वाटे त्याच्या वाटेलाच जायचं नाही. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे कौतुक. नवशिक्याला लोक चुका दाखवतात. मधल्याला ‘छान बोलता हो तुम्ही’ म्हणतात, कारण त्याचं म्हणणं पोचलेलं असतं. म्हणणं पोचतंय म्हटल्यावर कोण कशाला दुरुस्त करत बसेल? लॅरी सेलिंकर या भाषाशास्त्रज्ञाने शिकणाऱ्याच्या या अर्ध्या-मुर्ध्या भाषेवर १९७२ मध्ये लिहिलं, तेव्हा चुका कायमच्या घट्ट बसण्याच्या या प्रकाराला त्याने जीवाश्मावरून नाव दिलं. माझ्या बोलण्यातला ‘डेर-डी-डास’चा, म्हणजे नामाचं लिंग दाखवणाऱ्या जर्मन शब्दांचा, निम्मा घोळ त्याच जातीचा आहे.

आता मूळ मुद्दा. हे सगळं मला नवीन नव्हतं. मोर्स शिकताना मी यातून एकदा गेलो होतो, आणि माझ्याबरोबरची सगळी पोरं गेली होती.

मोर्स पाठवणं सगळ्यांना लवकर जमतं. घेणं, आमच्या भाषेत ‘कॉपी’ करणं, हे खरं काम. साधा मजकूर मिनिटाला २० शब्दांच्या वेगाने उतरवता आल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. दहा-बारा शब्दांपर्यंत सगळे धडाधड पोचतात आणि तिथे जे अडकतात ते अडकतात. मास्तर मोर्स पाठवायच्या कीवर बसलेले, आमच्या कानांवर हेडफोन, हातात पेन्सिल. डाह-डाह-डिट-डाह (डिट म्हणजे छोटा नाद, डाह म्हणजे लांब). काय हे? क्यू. क्यू लिहीपर्यंत पुढचं अक्षर गेलं. ते कोणतं होतं याचा विचार करेपर्यंत आणखी तीन गेली, आणि मग सबंध ओळ कोरी. मास्तरांचं सांगणं एकच असायचं, ‘सुटलं ते सुटलं. रेघ मार आणि पुढच्याला लाग.’ ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात सुटलेल्या अक्षरामागे मन धावतंच, आणि त्याला आवरायला शिकणं हेच निम्मं शिक्षण असतं.

अडकण्याचं कारण असं. दहा शब्दांच्या वेगाला डिट आणि डाह मोजता येतात. मोजायचं, मनातल्या तक्त्यात शोधायचं, अक्षर लिहायचं. याच युक्तीवर आपण तिथवर आलेलो असतो. विसाच्या वेगाला मोजायला सवडच नसते. तिथे क्यू हा अख्खा एक नाद म्हणून कानात शिरावा लागतो. म्हणजे जी सवय दहापर्यंत आणते तीच दहावर धरून ठेवते. अडकलेला मुलगा रोज दुप्पट वेळ बसून आणखी नेटाने मोजायला लागला, तर त्याची मोजण्याची सवय दुप्पट पक्की होते. चिकाटीच्या उपदेशाला माझी हरकत आहे ती इथे. अडकलेल्या माणसाकडे चिकाटी बहुतेक वेळा भरपूर असते, ती चुकीच्या सवयीवर खर्च होत असते.

मोर्सच्या दुनियेने यावर काढलेले इलाज पाहण्यासारखे आहेत. १९३० च्या दशकात लुडविग कॉख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने असं बसवलं की पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने ऐकवायचं, पण अक्षरं दोनच. ती शंभरात नव्वद वेळा बरोबर यायला लागली की तिसरं. फार्न्सवर्थच्या नावाने ओळखली जाते ती दुसरी पद्धत. तीत प्रत्येक अक्षर पूर्ण वेगाने पाठवायचं, फक्त दोन अक्षरांमधलं अंतर लांबवायचं. दोन्हींत शिकणाऱ्याकडून मोजण्याची संधी काढून घेतली आहे. विचार करायला वेळ मिळतो, पण तो अक्षर संपल्यावर.

गंमत म्हणजे शिकण्यातलं ‘पठार’ शास्त्रात गाजलं तेही तारवाल्यांमुळेच. विल्यम लोव ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी अमेरिकेतल्या तार ऑपरेटरांचा अभ्यास करून १८९७ आणि १८९९ मध्ये दोन लेख लिहिले. पाठवण्याचा आलेख सरळ चढत गेलेला दिसतो. घेण्याचा आलेख थोडा चढतो, मग कित्येक आठवडे आडवा राहतो, मग पुन्हा चढतो. त्यांनी नोंदवलेला एक तपशील माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो. आडव्या भागाच्या अगदी टोकापर्यंत मुख्य लाइनवरचे संदेश शिकाऊ माणसाला निव्वळ खडखडाट वाटतात, काही महिन्यांपूर्वी वाटत होते तेवढेच. मग थोड्याच दिवसांत त्या खडखडाटाचं बोलणं होतं. म्हणजे फळ मिळायच्या आदल्या आठवड्यातही ते मिळणार असल्याची खूण नाही! त्यांचं स्पष्टीकरण असं की आधी अक्षरं अंगवळणी पडतात, त्यावर शब्द, त्यावर वाक्यखंड. खालचा थर पुरता आपोआप होत नाही तोवर वरचा बसत नाही, आणि तो आपोआप होत असताना वेगाच्या आकड्यात काही दिसत नाही.

यांना खोडून काढणाराही निघाला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना मोर्स शिकवायची पद्धत बसवणारे मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९५८ मध्ये असं मांडलं की नंतरच्या प्रयोगांत हे पठार सापडत नाही, त्याला शिकण्याचा अटळ नियम मानायचं कारण नाही. या वादाचा निकाल लावणारा मी कोण? पण शिकणाऱ्याच्या उपयोगाचं दोन्हीकडे आहे. आलेख आडवा दिसतो म्हणून आत काही घडत नाही, असं धरून चालू नये. आणि आडवेपणा नशिबाचा भाग समजून गप्प बसू नये, सराव बदलला तर तो टळूही शकतो.

भाषेत याच्या जोडीला आणखी एक भानगड असते, ती शब्दांच्या हिशेबाची. इंग्रजीपुरता हा हिशेब पॉल नेशन या अभ्यासकाने मांडलेला आहे. सगळ्यात जास्त वापरातली सुमारे दोन हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ) शिकली की लिखित मजकुराचा साधारण ८० टक्के भाग ओळखीचा होतो. शब्दकोशाशिवाय नीट वाचायचं तर मजकुरातले ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, आणि २००६ मधल्या त्यांच्या मांडणीप्रमाणे कादंबरी किंवा वर्तमानपत्रासाठी त्याला आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात. जर्मनचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, चढ तोच. आता हा चढ शिकणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. पहिल्या दोन हजारांत ८० टक्के मिळाले. पुढचे सहा-सात हजार शब्द पाठ करायचे, आधीच्या तिप्पट मेहनत, आणि पदरात पडणार अठरा टक्के. त्यातही आज शिकलेला शब्द पुन्हा कधी भेटेल याचा भरवसा नाही. भेटेपर्यंत विसरलेला असतो. यात माणसाच्या आळसाचा संबंध कुठे आला?

परीक्षा घेणाऱ्यांना ही खाई दिसलेली आहे. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेत आधी चार पातळ्या होत्या. तिसरीवरून दुसरीवर जाताना अंतर फार पडतं, म्हणून २०१० मध्ये दोन्हींच्या मध्ये एन-थ्री ही नवी पायरी घातली गेली आणि पातळ्या पाच झाल्या. आपल्याकडच्या लेखांत ही माहिती येते ती परीक्षेच्या वेळापत्रकापुरती. असे किती लोक मध्ये अडकत असतील की त्यांच्यासाठी पायरीच बांधावी लागली, हा विचार त्यात नसतो.

आता उत्साहाबद्दल. माझ्या मते आपण याची उलटी बाजू धरून बसतो. पुढे सरकल्याचं दिसलं की उत्साह येतो. दिसायचं बंद झालं की जातो. बी-वनपर्यंत मला कुणी उत्साह टिकवायला सांगितलं नव्हतं, त्याची गरजच पडली नाही. तेव्हा मधल्या टप्प्यावर पहिलं काम म्हणजे जुनी मोजपट्टी टाकून द्यायची आणि बारीक खुणांची नवी घ्यायची. जुनी मोजपट्टी पाठ झालेल्या शब्दांची किंवा संपवलेल्या धड्यांची असते, ती इथे निरुपयोगी आहे. फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये सलग किती दिवस अभ्यास झाला याची साखळी दाखवतात. मीही ती काही काळ सांभाळली. साखळी तुटू नये म्हणून झोपायच्या आधी दोन मिनिटं सोप्यातला सोपा धडा उरकायचा, हे तिचं खरं शिक्षण. हजेरी लागते, एवढंच.

तर मी काय केलं ते सांगतो. यातलं काहीही माझा शोध नाही, मोर्सच्या वर्गातलं जर्मनला लावलं, इतकंच.

सुरुवात जर्मन हवामान खात्याच्या, म्हणजे डॉइचर वेटरडीन्स्टच्या, दर्यावर्दींसाठीच्या वार्तापत्रापासून केली. ‘डॉइचे बुख्ट, झ्युडवेस्ट फ्युन्फ बिस झेक्स, त्सूनेमेंड झीबेन, शाउअरब्योएन, झे त्स्वाय बिस द्राय मेटर.’ जर्मन उपसागरात नैर्ऋत्येचा वारा पाच ते सहा जोराचा, वाढून सातापर्यंत, सरींबरोबर झोत, लाटा दोन-तीन मीटर. बाहेरच्या माणसाला हे रूक्ष वाटेल. मला मात्र आयुष्यभर हेच वेगवेगळ्या केंद्रांकडून घ्यायची सवय, त्यामुळे पुढे काय येऊ शकतं ते ठाऊक असतं आणि कान मोकळे राहतात. शब्द मोजके, वेग पूर्ण. कॉखची दोन अक्षरंच म्हणा. शिकणाऱ्यांसाठी सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात, त्या मी बंद केल्या. सावकाश जर्मन ऐकताना मी प्रत्येक शब्दाचं मनात मराठी करत बसतो, म्हणजे पुन्हा डिट-डाह मोजणं आलं. त्याऐवजी पूर्ण वेगाचा एकच छोटा तुकडा ऐकायचा आणि मग थांबवायचं. थांबायचं ते तुकडा संपल्यावर, मध्ये नाही.

ऐकलेलं वहीत उतरवतो. सुटलं तिथे रेघ. मागे फिरून ऐकायचं नाही, निदान पहिल्या फेरीत तरी नाही. पहिल्या पानांवर शब्दांपेक्षा रेघाच जास्त आहेत, जणू कुणी मुद्दाम मजकूर खोडलाय. आता एका परिच्छेदात दोन-चार रेघा येतात आणि त्या बहुतेक विशेषनामांच्या किंवा उत्तरेकडच्या बोलीतल्या असतात. या वहीने मला जेवढं दाखवलं तेवढं एकाही गुणपत्रिकेने दाखवलं नाही. रेघ कुठे पडते हेही बघण्यासारखं असतं. आधी त्या वाक्याच्या मध्यावर पडायच्या. मग सरकत सरकत शेवटाकडे गेल्या, कारण जर्मनमध्ये क्रियापद किंवा त्याचा तुटलेला तुकडा वाक्याच्या टोकाला येतो आणि तोवर सबंध वाक्य मनात धरून ठेवावं लागतं. मुरलेले तारवाले कानावर पडणाऱ्या शब्दाच्या सहा ते बारा शब्द मागे राहून लिहितात, असं ब्रायन-हार्टर यांनी नोंदवलं आहे. आम्हीही मागे राहूनच लिहायचो. जर्मन वाक्याला नेमकं हेच लागतं. शब्द पडला की लगेच त्याच्यावर झडप घालायची नाही.

वाचनाचं गणित वेगळ्या पद्धतीने सोडवलं. जर्मनीत सागरी अपघातांची चौकशी करणारं सरकारी खातं आहे, त्याचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. टक्कर कशी झाली, पुलावर (म्हणजे जहाजाच्या ब्रिजवर, रस्त्यावरच्या नव्हे) पहाऱ्याला कोण होतं, रडारवर काय दिसत होतं, रेडिओवर कोण काय बोललं. मी ते रहस्यकथेसारखे वाचतो. एका अहवालात भेटलेला आडवळणाचा शब्द त्याच अहवालात आणखी दहा ठिकाणी भेटतो, पुढच्या अहवालात पुन्हा भेटतो. एकाच विषयात बुडी मारली की विरळ शब्द विरळ राहत नाहीत आणि वरचा तो आठ-नऊ हजारांचा डोंगर तेवढ्या विषयापुरता बुटका होतो. स्टीफन क्रॅशन या भाषाशास्त्रज्ञाने अशा अरुंद वाचनाची बाजू पूर्वीच मांडलेली आहे. वर्गातल्या पुस्तकांत नेमकं उलट असतं. एका धड्यात पर्यावरण, दुसऱ्यात जाहिराती, तिसऱ्यात आरोग्य. प्रत्येक धड्याचे शब्द तो धडा संपला की संपले. मी एका वर्गात तेच पुस्तक दुसऱ्यांदा केलं, तिथल्या सल्ल्यावरून. दुसऱ्यांदा केल्याने पुस्तक चांगलं पाठ झालं.

ज्याला जहाजांचं प्रेम नाही त्याने हे अहवाल वाचू नयेत. कुणाला फुटबॉल असेल, कुणाला विणकाम, कुणाला दिवाणी खटले. आपल्या भाषेत ज्याविषयी तासभर बोलता येतं असा विषय हवा, एवढीच अट.

बोलण्याचा प्रश्न सगळ्यात चिवट. फक्त ऐकून-वाचून बोलणं आपोआप येतं असं मानणारे आहेत, मी त्यांतला नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमातून वर्षानुवर्षं शिकलेली मुलं फ्रेंच उत्तम समजतात, पण बोलताना-लिहिताना चुका राहतात, हे पाहून मेरिल स्वेन या भाषा-अभ्यासक बाईंनी १९८५ मध्ये भाषा बाहेर काढण्याचाही सराव लागतो असं मांडलं. मला उपयोगी पडला तो चार-तीन-दोनचा व्यायाम. एकच गोष्ट चार मिनिटांत सांगायची, मग तीच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. खरं तर दर वेळी ऐकणारा नवा असावा लागतो. माझ्याकडे तेवढे जर्मन नाहीत, म्हणून फोनवर ध्वनिमुद्रण करतो. चार मिनिटांच्या फेरीत ‘एss... आल्झो... एss’ यातच बराच वेळ जातो. दोन मिनिटांच्या फेरीत तेवढी चैन परवडत नाही. वाक्यं एकमेकांना चिकटून बाहेर पडतात, आणि ती बेतशीर घोकलेली वाक्यं कमी पडायला लागतात, कारण अपघाताच्या हकिकतीत ती बसतच नाहीत. जुनी ध्वनिमुद्रणं मी पुसलेली नाहीत. ज्या दिवशी सगळं व्यर्थ वाटतं त्या दिवशी त्यातलं एखादं ऐकतो. स्वतःचा आवाज ऐकणं सुखाचं नसतं, पण पुरावा म्हणून बिनतोड असतो.

आणखी एक सवय आहे, ती निव्वळ धंद्यातली. जहाजाच्या रेडिओ रूममधल्या घड्याळावर तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांचे पट्टे लाल रंगवलेले असायचे. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर कुणी काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. एखादी दुबळी संकटाची हाक गोंगाटात बुडू नये म्हणून. रोज कधीतरी तीन मिनिटं मी तसंच जर्मन ऐकतो. वही नाही, पेन्सिल नाही, समजून घ्यायची सक्ती नाही. याचा उपयोग किती होतो ते मोजता आलेलं नाही. कंटाळ्याच्या दिवशी दुसरं काही झालं नाही तरी एवढं होतं, म्हणून चालू ठेवलंय.

मध्ये काही आठवडे सोडून दिलं तर काय होतं? फारसं काही नाही. थोडं गंजतं, लगेच निघतं. त्यावर उपदेश करणाऱ्यांनी एवढं घाबरवायचं कारण नाही.

माझं सगळं मार्गी लागलंय असं समजू नये. दोन जर्मन माणसं घाईघाईने एकमेकांशी बोलायला लागली की अजूनही मी निम्म्यावर गळतो, तिसरा त्यांच्यात येऊन हसला की पूर्णच. ‘डेर-डी-डास’ सुधारेल असं या वयात वाटत नाही. बी-टूची परीक्षा द्यायची की नाही हे ठरवलेलं नाही. पण अपघाताचा अहवाल संध्याकाळी हातात घेतला की शब्दकोश दुसऱ्या खोलीतून आणायला उठावंसं वाटत नाही, हे दोनेक वर्षांपूर्वी शक्य नव्हतं.

आता विनंती. नवशिक्यांसाठी लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कधीतरी बी-टू, एन-टू किंवा त्या तोडीची पायरी ओलांडलेल्या चार-पाच वाचकांना लिहायला सांगा. त्यांचे प्रमाणपत्रासहित फोटो नकोत, आणि यशाचं श्रेय कुणाला हेही नको. अडकले होते तेव्हा नेमकं काय येत नव्हतं, कोणता सराव त्यांनी बंद केला, त्याजागी काय आणलं आणि हलायला लागलंय हे त्यांना कशावरून कळलं, एवढंच विचारा. वेगवेगळ्या भाषांचे लोक असले तर उत्तम. अरबी किंवा चिनी लिपीशी झगडणाऱ्याचं अडकणं माझ्यासारखं नसणार, आणि मला ते वाचायला आवडेल. जागेची अडचण असेल तर ‘परकीय भाषा आणि करिअरच्या संधी’ हा लेख एखाद्या आठवड्याने पुढे ढकलावा, संधी कुठे पळून जात नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त रेडिओ ऑफिसर
(नाव छापू नये, ही विनंती.)